आज घरी काय शिजलं?

गाडी आमच्या फाटकातून आत वळली, तेव्हाच मला समजलं की आता फार काही हातात राहिलेलं नाही. सकाळची वेळ होती. केसपेपरच्या खिडकीपुढं रांग लागली होती आणि मी अपघात विभागात ड्रेसिंगचा ट्रे भरत होते. गफूरभाईंचा, म्हणजे आमच्या अँब्युलन्सच्या चालकाचा, फोन थोड्या वेळापूर्वी येऊन गेला होता. "सिस्टर, गोरेगावहून येऊन राहिलो. पेशंट… पेशंट आपल्या मॅडमच हैत. छातीत दुखून राहिलं. सीधा हिंगोलीला घेतो, तुमी तिकडं फोन करून ठेवा." मी फोन केला, आणि गाडी समोरच्या रस्त्यानं पुढं जाईल म्हणून व्हरांड्यात उभी राहिले. ती पुढं गेली नाही. आत वळली.

डॉ. शीला खिल्लारेबरोबर ज्यांनी काम केलं त्यांना त्या वळण्याचा अर्थ सांगावा लागला नाही. इतरांना सांगायला हवा, कारण तिला जाऊन आता काही आठवडे झाले तरी आमच्या भागात त्याच वळण्याची चर्चा चालू आहे. "पुढं नेलं असतं तर बाई वाचली असती." चहाच्या टपरीवर, जीपमध्ये, बाजारात, सगळीकडं हेच. बोलणाऱ्यांचं काही जात नाही. पण त्या दिवशी गाडीत शीलाजवळ बसलेली डॉक्टर मुलगी, अश्विनी, हे ऐकून काम सोडायला निघाली होती. मला रडकं लिहिता येत नाही आणि त्याची गरजही नाही. शीलानं आयुष्यभर जे काम केलं ते नेमकं काय होतं, एवढं नीट सांगितलं तरी पुरे.

मी एका लहान सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. नाव कुंदा. शीला आमच्या अंगणात उभ्या असणाऱ्या अँब्युलन्सवर डॉक्टर होती. हिंगोलीच्या रस्त्यावर आमचं रुग्णालय, त्यामुळं गोरेगावकडच्या खेड्यापाड्यांतून बोलावणं आलं की गाडी इथून सुटायची. शीला मूळची हट्ट्याची, लग्न होऊन गोरेगावात आली. आयुर्वेदाची पदवी घेतलेली. नवरा दिलीपराव शाळेत शिक्षक. बाजारपेठेचं गाव, तेव्हा तिनं पाटी लावून बसावं असंच सगळ्यांचं म्हणणं होतं, आणि वर्षभर ती बसलीही. मग एक दिवस पाटी काढली आणि गाडीवर रुजू झाली. मी तिला विचारलं होतं, बरं चाललेलं सोडून हे धुळीत फिरणं काहून? ती म्हणाली, "ताई, दवाखान्यात जो येतो तो कसाबसा येतो तरी. ज्याला येताच येत न्हाई त्याच्याकडं कुणी जायचं?" एवढंच. पुन्हा तिनं त्यावर भाषण केलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोन बोलावण्यांच्या मध्ये आम्ही माझ्या खोलीत एकत्र डबा खायचो. तिच्या डब्यात आठवड्यातून दोनदा तरी शेपू असायचा आणि मला शेपूचा वाससुद्धा चालत नाही. ती मुद्दाम झाकण उघडून डबा माझ्या बाजूला सरकवायची.

ती गाडीवर आली तोवर पेशंट आमच्याकडं कसे यायचे? मागचं दार उघडायचं, कुणीतरी म्हणायचं, "सीरियस आहे, घ्या," आणि स्ट्रेचर आत. शीलाचं तसं नव्हतं. स्ट्रेचर ढकलता ढकलता ती चार गोष्टी सांगायची: काय घडलं, मी काय पाहिलं, काय केलं, आणि वाटेत काय बदललं. चौथीवर तिचा भर असे. "एकदा बघून भागत न्हाई, ताई. घरी बघितलेला पेशंट अन् वाटेतल्या पुलावर पोचलेला पेशंट हे दोन वेगळे पेशंट असतात." तिच्यामुळं माझं निम्मं काम कमी झालं. माझ्यासारखीच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नाही.

मी तिच्याबरोबर काही वेळा गाडीतून गेले आहे, कधी बाळंतीण आणायला, कधी गावात माणसं जास्त जखमी झाली म्हणून. घटनेच्या जागी उतरली की शीला आधी उभी राहायची. नुसती. लोकांना याचा फार राग येई. एकदा रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर कलंडला होता, दोघं पडले होते, आणि एक गृहस्थ तिच्या अंगावर धावून आले, "बाई, नुसत्या बघत काय राहिल्या?" ती शांतपणे म्हणाली, "बघूनच राहिले, काका. तेच काम हाय माझं." त्या उभं राहण्यात तिनं विजेची लोंबती तार पाहिलेली असायची, ट्रॅक्टरचं इंजिन चालू आहे का बंद ते पाहिलेलं असायचं, आणि कोण ओरडतंय, कोण गप्प आहे हेही. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे हे उघड आहे, म्हणून ती आधी गप्प माणसाकडं वळायची. त्या दिवशीही वळली. आणि अंगावर धावून आलेल्या त्या गृहस्थांच्या हातात तिनं सलाईनची बाटली दिली. "काका, ही अशी वर धरा. खाली आणू नका, सगळं तुमच्यावर हाय." काका पुतळ्यासारखे उभे राहिले, शिवाय जवळ येणाऱ्या दुसऱ्यांना ओरडून मागं सारू लागले. ज्याचा आवाज सगळ्यात मोठा त्याला काम द्यायचं, ही तिची पद्धत. भांडून तिनं कधी गर्दी हटवली नाही, कामाला लावून हटवली.

गाडीत तिच्या आईचं एक जुनं सुती लुगडं असायचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. बाईमाणूस जखमी असलं की ती गर्दीतल्या दोन बायांना हेरून सांगायची, "मावशी, हे दोन्हीकडून ताणून धरा, अन् तोंड बाहेर करून उभ्या राहा." त्या आडोशात ती कात्रीनं कपडे कापून काय लागलंय ते नीट बघायची. आमच्याकडं बायांच्या जखमा बघायच्या राहून जातात, कारण पदर बाजूला करायला कुणी धजत नाही. त्या लुगड्यामागं किती बाया वाचल्या ते मी मोजलेलं नाही. लुगडं मात्र मी दोनदा माझ्या हातानं टाके घालून शिवलं.

आणि मग तिचा तो प्रश्न. कुठलाही पेशंट असो, शुद्धीवर असला की ती नाडीवर बोट ठेवून विचारायची, "आज घरी काय शिजलं?" मला आधी वाटलं, बाई बोलघेवडी आहे. डबा खाताना तिनं उलगडून सांगितलं. उत्तर एका दमात आलं तर श्वास ठीक. एकेक शब्द तोडत आलं तर श्वास कमी पडतोय. उत्तर बरोबर असेल तर डोकं जागेवर. मघाशी आलेलं उत्तर पुन्हा विचारल्यावर येत नसेल, तर सावध. आणि नाव-गाव, आजचा वार विचारला की खेड्यातला माणूस बिचकतो, त्याला परीक्षा वाटते. भाजीचं विचारलं तर कुणी बिचकत नाही. शिवाय घरचं माणूस शेजारीच असतं, खरं-खोटं लगेच कळतं.

एकदा यातून गंमतही झाली. एक म्हातारबाबा बांधावरून पडले, डोक्याला खोक पडली. शीलानं विचारलं, काय शिजलं? बाबा म्हणाले, "मटण." शेजारी बसलेली आजी भडकली, "कुठलं मटण? घरात पिठलं केलंय सकाळधरनं!" शीलाच्या कपाळाला आठी पडली. डोक्याला मार, वर उत्तर चुकलेलं. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा मटण. मग बाबांनी तिला खूण करून जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "शेतात केलतं, दोस्तायनी. हिला नगा सांगू." पण आजीचे कान शाबूत होते. आमच्या दारात उतरवताना शीलानं मला नेहमीसारख्या चार गोष्टी सांगितल्या आणि पाचवी जोडली, "डोकं बराबर हाय. घरी गेल्यावर मात्र जपा म्हणावं."

गंमत बाजूला ठेवू. एका गावात सकाळी एकाला साप चावल्याचं कळलं. जमिनीवर झोपला होता, मण्यार असावी. ना सूज, ना फारसं दुखणं. आमच्याकडं अशा वेळी कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलं नाही, असं मानतात. याला पाला कडू लागला होता, म्हणून सगळे निवांत होते आणि गाडी परत पाठवायच्या बेतात होते. शीलानं पाल्याला नावं ठेवली नाहीत. म्हणाली, "कडू लागला ना? चांगलं झालं. आता दादा, माझ्या बोटाकडं बघा… वर… अजून वर." त्याची नजर वर गेली, पापण्या मात्र निम्म्यावर अडकल्या. मग तिनं आपला प्रश्न विचारला, तर उत्तर बरोबर आलं, पण आवाज नाकातून. ती भावकीला म्हणाली, "पाला जिभेला इचारतो. म्या डोळ्याला इचारलं. डोळा वेगळं सांगून राहिला. चला." तो माणूस आमच्याकडं पोचला तेव्हा श्वास मंदावत होता. विषावरची लस आमच्याकडं होती, श्वासाची नळी घालायला डॉक्टर होते. तो वाचला. तेव्हा ती आमच्या दारात थांबली होती, हे लक्षात ठेवा.

आणि एकदा थांबली नव्हती. ते प्रकरण असं.

गोरेगावच्या पलीकडच्या एका गावात बैल उधळला. मोठं शेतकरी घर, आप्पाराव म्हणून गावात मान असलेले गृहस्थ. त्यांचा मुलगा बैल धरायला गेला, त्याची भुवई फुटली. सून राधा मध्ये आली, तिला शिंगाचा ठोसा डाव्या बरगड्यांखाली बसला. शीला पोचली तेव्हा मुलगा रक्तानं माखलेला, अंगणभर आरडाओरडा, आणि राधा भिंतीला टेकून गप्प बसलेली. अंगावर ओरखडासुद्धा नाही. बायांनी तिच्या पोटाला हळद-तेल चोळलं होतं आणि चहा पाजला होता. शीलानं मुलाच्या हातात स्वच्छ कापडाची घडी देऊन ती भुवईवर दाबून धरायला सांगितली आणि राधाजवळ बसली. काय शिजलं? "बाजरीची भाकर, वांग्याची भाजी, आन् मामंजीला भात," राधा एका दमात म्हणाली. पण हात गार, कपाळाला घाम, आणि डावा खांदा दुखतोय म्हणत होती, जिथं बैल लागलाच नव्हता. शीलानं आधी पोट चोळणं बंद करायला लावलं.

मला फोन आला, "दोघं येऊन राहिलेत, बेड ठेवा." मी ठेवला. आप्पाराव आपल्या जीपनं आधीच येऊन पोचले, मागं मोटारसायकलींवर अर्धं गाव. आणि मग शीलाचा दुसरा फोन. आवाज नेहमीसारखाच, "ताई, पुन्हा इचारलं तर नुसतं 'वांगं' म्हणाली. नाडी बारीक झाली. पोटात रक्त चाललंय. श्वास चांगला हाय, रस्ता सोसंल. तुमच्याकडं पोट उघडणारा न्हाई, रक्ताची पिशवी न्हाई. उतरवून पुन्हा चढवण्यात येळ जाईल. म्या थांबत न्हाई. हिंगोलीला सर्जन अन् रक्त तयार ठेवायला सांगा." मी फोन फिरवते न फिरवते तोच सायरन ऐकू आला, आणि गाडी आमच्या फाटकावरून, अर्ध्या गावाच्या डोळ्यांदेखत, तशीच पुढं निघून गेली.

आप्पाराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सिस्टर, तुमची गाडी तुमचंच दार वळखत न्हाई का?"

"दार ओळखती, आप्पा. दाराच्या आत काय न्हाई, तेबी ओळखती."

ते म्हणाले, "आडनाव काय म्हणले त्या डॉक्टरणीचं?" मी सांगितलं. अशा वेळी आडनाव विचारण्यामागं काय असतं, हे आमच्याकडं कुणाला समजावावं लागत नाही. ते म्हणाले, "सून वाटंत गेली तर बघून घेतो," आणि जीप हिंगोलीकडं पिटाळली.

गाडीतलं पुढचं गफूरभाईंकडून कळलं. राधाची सासू सोबत होती. दवाखाना मागं पडलेला पाहून ती दार बडवू लागली. "बाई, दवाखाना मागं ऱ्हायला! काहून थांबना? माझ्या सुनंला कुठं घेऊन चालल्या?" शीला राधाच्या नाडीवरचं बोट न काढता म्हणाली, "जिथं वाचंल तिथं. मावशी, तिचे पाय असे वर धरून बसा, सोडू नका." सासूनं पाय धरले. पुढं शीलानं तिसऱ्यांदा विचारलं, तर राधा म्हणाली, "आईकडं जायचंय…" तेव्हा गफूरभाईंनी आरशातून मॅडमचा चेहरा पाहिला. ते सांगतात, "सिस्टर, मॅडमनं एकबारसुद्धा मागं वळून बघितलं न्हाई. फक्त म्हणल्या, गफूरभाई, खड्डे चुकवा, येळ मी बघते."

हिंगोलीला दार उघडं होतं, सर्जन उभे होते, रक्त तयार होतं. पोट उघडलं तेव्हा डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटलेली सापडली. राधा वाचली. तरीही आप्पारावांची तक्रार पुढं गेली, कारण तक्रार सुनेच्या पोटाची नव्हती, मानाची होती. चौकशी झाली. मला साक्षीला बोलावलं होतं, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. साहेबांनी विचारलं, "जवळचं रुग्णालय सोडून पुढं नेलंत. वाटेत पेशंट दगावला असता तर?" शीला उभी होती. म्हणाली, "साहेब, मी प्रत्येक वेळी दोनच प्रश्न विचारते. पेशंटला रस्ता सोसेल का? आणि ज्या दारात नेतेय त्या दाराच्या आत त्याला लागतं ते आहे का? दोन्हींची उत्तरं बघून दार ठरवते. तिच्या बाबतीत रस्ता सोसणार होता आणि जवळच्या दारात हवं ते नव्हतं. चुकलं असतं तर अशीच उभी राहून उत्तर दिलं असतं." प्रकरण मिटलं. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, छान बोललीस. ती म्हणाली, "ताई, पाय थरथरून राहिले होते. टेबलामागं होते म्हणून बरं." मला तिचा जो काही अभिमान आहे तो थरथरत्या पायांवर उभं राहण्याचा आहे. न घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेकांना समोर काय चाललंय तेच कळलेलं नसतं.

अश्विनी तिच्या हाताखाली तयार झाली. हुशार पोरगी, पुस्तकातलं सगळं पाठ, पण बोलताना मान खाली. शीला तिला म्हणायची, "तू बराबर असतीस, पण ते तू चपलांना सांगून राहिलीस. पेशंट वर हाय." त्या सकाळी शीलाची सुट्टी होती आणि गाडीवर अश्विनी होती. गोरेगावात शीलाला घरीच छातीत दुखायला लागलं. दिलीपरावांनी फोन केला, गाडी गेली. अश्विनीनं गाडीतच हृदयाचा आलेख काढला, गोळ्या दिल्या, सगळं वेळेत आणि योग्य. शीला म्हणाली, "दाखव." कागद बघितला आणि परत दिला. हिंगोलीला जायचं, तिथून पुढं नांदेडला, असं ठरलं. रस्ता सोसेल असं तेव्हा दिसत होतं.

वाटेत बदललं. ठोके अडखळायला लागले, रक्तदाब उतरायला लागला. आमच्या फाटकाच्या अलीकडं शीला म्हणाली, "गफूरभाई, आत घ्या." ते म्हणाले, "मॅडम, सीधा हिंगोली घेतो, दस मिनट कम करतो." ती म्हणाली, "आत." अश्विनी गोंधळली, तिनं पुढं चला असंच म्हटलं. तेव्हा शीलानं तिचा हात धरला. "ठोका थांबला तर चालत्या गाडीत तू एकटी हाईस. इथं हात जास्त हैत." दोनच प्रश्न. पहिल्याचं उत्तर बदललं होतं, म्हणून दार बदललं. राधाच्या वेळी जी बाई ज्या कारणासाठी थांबली नाही, तीच बाई त्याच कारणासाठी त्या दिवशी थांबली. लोकांना यात दोन गोष्टी दिसतात. मला एकच दिसते.

स्ट्रेचर खाली आलं. शीला शुद्धीवर होती. मी नाडीवर बोट ठेवलं आणि काय बोलावं ते न सुचून, किंवा तेच सुचून, विचारलं, "आज घरी काय शिजलं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. ओठ हलले.

"शेपू… तुमाला… आवडत… न्हाई…"

एका दमात आलं नाही. एकेक शब्द तोडत आलं. त्याचा अर्थ तिला माहीत होता आणि मलाही. ती थोडी हसली, असं मला वाटतं… यावर मी पैज लावणार नाही. पुढं थोड्याच वेळात ठोका थांबला. आमचे डॉक्टर, आम्ही दोघी परिचारिका, अश्विनी, वॉर्डबॉय, आळीपाळीनं छाती दाबत राहिलो, विजेचे झटके दिले. एकदा ठोका परत आला. आला आणि गेला. शेवटी डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. हात खरंच जास्त होते. हात कमी पडले म्हणून ती गेली, असं कुणालाही कधीही म्हणता येणार नाही, आणि ही व्यवस्था तिची तिनंच करून ठेवली होती.

मरण झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजार भाकरी आणतो. गोरेगावात शीलाच्या घरी मी बसले होते तेव्हा एक जीप येऊन थांबली. राधा उतरली, हातात भाकरीचं फडकं. मागून आप्पाराव, त्यांच्या हातात भाजीचं पातेलं. त्यांनी ते स्वतः उचलून आत आणलं, दिलीपरावांपुढं ठेवलं आणि अंगणात सगळ्यांमध्ये खाली बसले. राधानं झाकण काढलं. वांग्याची भाजी होती. तिला तो प्रश्न आठवत होता का, मी विचारलं नाही.

अश्विनी मात्र कामावर येईना. लोकांचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं होतं. मी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "सिस्टर, मी पुढं चला म्हणत होते. ठाम राहायला हवं होतं. पुढं गेलो असतो तर…" मी म्हटलं, "दोन प्रश्न सांग." तिनं मान खाली घातली. "सांग ना. तिनं इतक्या वेळा वदवून घेतलेत." मग तिनं सांगितले. "आता उत्तरं सांग. मॅडम म्हणून नको, पेशंट म्हणून सांग." "रस्ता सोसणार नव्हता," ती म्हणाली. "आणि ठोका थांबल्यावर लागतं ते तुमच्याकडं होतं." मी चहा संपवला आणि उठले. "मग तुझं काय चुकलं ते मला कळलं नाही. तुला कळलं तर उद्या येऊन सांग. गाडी आठ वाजता निघती." ती आली. काय चुकलं ते काही तिनं सांगितलं नाही, गाडीत चढली आणि साहित्य तपासायला लागली.

परवाची गोष्ट. गाडी मागं घेत आमच्या दाराशी लागली. गफूरभाईंनी मागचं दार उघडलं. आत एक आजी, पायरीवरून घसरलेल्या, मांडीला फळी बांधलेली. कोपऱ्यात लुगड्याची घडी होती, माझे टाके दिसत होते. अश्विनी आजींच्या नाडीवर बोट ठेवून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती, आणि मी तिचा आवाज ऐकला, "आजी, परत एकदा सांगा बरं. आज घरी काय शिजलं?"

"किती बार इचारशील गं माय? आंबटचुका केलता म्हणलं ना, आन् सुनंनं त्यात मीठ असं टाकलंय की ढोरंबी तोंड लावायची न्हाईत, लेकाला काय त्याचं, त्यो गुमान गिळतो!"

सगळं एका दमात. मी खिडकीजवळचा बेड दाखवला आणि स्ट्रेचरला हात लावला. घाई करायचं कारण नव्हतं.